२ जीबीचा जुना लॅपटॉप आणि कोडिंग: आधी डिस्क बघा, डिस्ट्रोचं मग ठरवू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, चुकलं तर सांगा. २०१२ च्या सुमाराचा लॅपटॉप, आत पेंटियम बी९५०, रॅम २ जीबी, ३२० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज ७ कसंबसं उघडतं. धाकटी बहीण एफवाय बीएस्सी आयटीला, तिला सी आणि पायथन आहे. राहायला नालासोपारा, नवीन लॅपटॉप या वर्षी तरी जमणार नाही, आणि विचारताय एवढंच की विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकायची तर तिची सगळ्यात हलकी डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्ती, कुठली टाकू.

एका शब्दात हवं असेल तर अँटिएक्स. पण तेवढंच सांगून मोकळा झालो तर महिन्याभरात तुम्ही परत याल, की दादा टाकलं पण अजून हँग होतंय, आणि तुमचं काही चुकलेलं नसेल. कारण तुमच्या मशीनमधली रॅम डेस्कटॉप, म्हणजे मेन्यू आणि खिडक्या दाखवणारा भाग, खात नाहीये, ब्राउझर खाणार आहे, आणि वेळ खाणार आहे ती हार्ड डिस्क. डेस्कटॉप बदलून वाचतात तीन-चारशे एमबी. कॉलेजचं पोर्टल, एक यूट्यूब लेक्चर आणि व्हॉट्सअॅप वेब एवढं उघडलं की ते वाचवलेलं सगळं दोन मिनिटात साफ.

मी दिवसा एका ऑफिसात सर्व्हर सांभाळतो आणि संध्याकाळी विक्रोळीला, कन्नमवार नगरात, मंडळाच्या अभ्यासिकेत ९ जुनी मशीन सांभाळतो, सगळी कुठल्या कुठल्या ऑफिसातून काढून टाकलेली, त्यावर आठवीपासून डिप्लोमापर्यंतची पोरं बसतात. सुरुवातीला मी पण तुमच्यासारखाच हलकं-हलकं करत बसलो होतो. पपी लिनक्स टाकलं, मग अँटिएक्स, मग खिडक्या सांभाळणारा नुसता ओपनबॉक्स स्वतः जुळवून. मशीन उडायला लागली, मी खूश. पण पोरं बसेनात. वायफाय कुठे जोडायचं सापडत नाही, पेन ड्राइव्ह लावला तर तो दिसत कुठे नाही, प्रिंटर तर विसराच. एका मुलीने मला तोंडावर सांगितलं की काका, हे तुमचं कॉम्प्युटर आहे, आमचं नाही. त्या दिवसापासून मी हलकं या शब्दाचा अर्थ बदलला. एफवायच्या मुलीला तुम्ही घरी नसताना जे एकटीला वापरता येतं ते हलकं.

आता डिस्कचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझा एक अख्खा रविवार यात गेलाय. एका पोराचा लॅपटॉप आला, दर पाच मिनिटांनी माऊससकट सगळं गोठायचं, अर्ध्या मिनिटाने परत सुरू. मी म्हटलं डेस्कटॉप जड झालाय, सिनॅमन नावाचा डेस्कटॉप काढून एक्सएफसीई हा हलका टाकला. तेच. एक्सएफसीई काढून एलएक्सक्यूटी टाकलं, तेच, तोवर दुपारचे चार वाजले. शेवटी डोकं चाललं आणि डिस्क्स नावाचं अॅप उघडून स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो, तक्ता बघितला, तर त्यात करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे डिस्कचे कप्पे, याच्या पुढे तीन आकडी संख्या. म्हणजे डिस्कच मरायला टेकलेली, एखादा सेक्टर वाचता येईना की ती परत परत प्रयत्न करत बसायची आणि तोवर सगळे थांबून. सकाळी नऊ वाजता हे बघितलं असतं तर सव्वानऊला समजलं असतं. तेव्हा तुम्ही पहिलं हे बघा. दोन ओळी महत्त्वाच्या, रिअॅलोकेटेड सेक्टर काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर, तिथे रॉ व्हॅल्यू शून्य असेल तर बरं, शून्य नसेल तर आधी बहिणीच्या फायली दुसरीकडे कॉपी करा आणि बाकीचं मग.

आणि डिस्क ठणठणीत असली तरी ती फिरणारीच आहे. लॅपटॉपची साधारण ५४०० आरपीएमची डिस्क इकडचं थोडं तिकडचं थोडं असं वाचायला लागली की सेकंदाला शंभरेक वेळाच्या वर उडी मारू शकत नाही, आणि बूट होताना, ब्राउझर उघडताना नेमकं तसंच वाचन असतं. साधा अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, त्याच साटा जोडणीत बसणारी चिपची डिस्क, हेच हजारोंनी करतो. तुमच्या काळातल्या बोर्डावर साटाचा वेग अर्धा मिळाला तरी फरक पडत नाही, कारण आपल्याला वेग कमी आणि उड्या जास्त हव्यात. अभ्यासिकेतल्या ९ मशीनवर मी जे काही केलं त्यात एसएसडी एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही, कुठल्याच डिस्ट्रोने नाही. १२० किंवा १२८ जीबीचा पुरे. एमडॉट२ वाला, म्हणजे बारक्या पट्टीसारखा, घेऊ नका, बसणारच नाही.

याचा एक आडफायदा सांगतो जो लोक विसरतात. एसएसडी नवीन बसवला की विंडोज ७ सकट जुनी डिस्क तशीच बाहेर येते, काही पुसायची गरज नाही, घरचे फोटो तिथेच, जमलं नाही तर परत लावली की होतं तसं. म्हणून ड्युअल बूटच्या, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवायच्या, भानगडीत मी कुणाला पडू देत नाही. तसंही विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि क्रोमने २०२३ ला त्याची साथ सोडली, त्याच्यावर नेट वापरणं आता शहाणपणाचं नाही. विंडोज १० टाकू का म्हणाल तर त्याचा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला कारभार आटोपला, आणि ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आपण त्या रांगेतच नाही.

रॅम. बी९५० वाल्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा दोन स्लॉट असतात आणि २ जीबीची एकच स्टिक लावलेली असते. मागचं झाकण एका-दोन स्क्रूवर असतं, उघडून बघा. एक स्लॉट रिकामा असेल तर डीडीआर३ ची ४ जीबीची स्टिक टाका, जुनी काढलेली चालते, एकूण ६ होतात आणि मग आपण वेगळ्याच वर्गात जातो. लेबलवर पीसी३ लिहिलेलं असेल किंवा पीसी३एल, तुमच्या मशीनला सहसा दोन्ही चालतं, एल वाली १.३५ व्होल्टची असली तरी १.५ वर पण चालते. उलटं मात्र नाही, २०१३ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना एल वालीच लागते, हे दुसऱ्या कुणासाठी घ्याल तेव्हा लक्षात ठेवा. ग्रँट रोडला ईस्टला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, रविवार सोडून जा, आपली जुनी स्टिक खिशात घालून जा आणि जमलं तर लॅपटॉपच न्या म्हणजे दुकानात लावून, बूट करून, ६ जीबी दिसतंय बघूनच पैसे द्यायचे. भाव सारखे हलतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण जुनी स्टिक म्हणजे चौघांनी हॉटेलात जेवण्याच्या आतला खर्च आहे. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर? डिस्क खराब असेल तर एसएसडी, डिस्क चांगली असेल तर रॅम. हे सगळ्यांना लागू नाही, ४ जीबी ज्याच्याकडे आधीच आहे त्याला मी डोळे मिटून एसएसडी सांगेन.

आणि दोन्ही नाही परवडत, म्हणजे खरंच शून्य बजेट, तर झेडरॅम. हे समजून घ्या कारण फुकट आहे. रॅम भरली की सिस्टीम काही गोष्टी डिस्कवर नेऊन ठेवते, त्याला स्वॅप म्हणतात, आणि फिरत्या डिस्कवरचा स्वॅप म्हणजे तुम्हाला वसईला उतरवून पुढच्या गाडीने या सांगण्यासारखं आहे, याल तुम्ही, पण कधी. झेडरॅम म्हणजे चौथी सीट. बाक तिघांचा, पण जरा सरकून घ्या म्हटलं की चौथा बसतो. रॅममधलाच मजकूर दाबून छोटा करून रॅममध्येच ठेवायचा, प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात पण डिस्कवर जाण्यापेक्षा कितीतरी बरं. मिंट किंवा डेबियन या डिस्ट्रोंवर झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे, ते टाकायचं, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टक्केवारी ५० करायची आणि रीस्टार्ट. २ जीबीचे ३ होत नाहीत, तो भ्रम नको, पण अडीचेकचं काम निघतं. चौथ्या सीटवर बसून विरारपर्यंत जाणाऱ्याला कसं वाटतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

आता तुमचा मूळ प्रश्न. रॅम ६ झाली तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, फार विचार करू नका. २२ नंबरची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणजे बहिणीची डिग्री होऊन जाईल. खाली मेन्यू, कोपऱ्यात वायफाय, विंडोज ७ वरून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. चालू केल्या केल्या साधारण पाऊण जीबी घेते. मिंटची सिनॅमनवाली दिसायला छान आहे पण तिला ग्राफिक्सचं काम जास्त, तुमच्या मशीनला ती नको. रॅम २ च राहिली तर अँटिएक्स किंवा एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्सवाली आवृत्ती, दोन्ही डेबियनवर बेतलेल्या. अँटिएक्स उघडल्यावर दोन-अडीचशे एमबीच्या आसपास असतं, एमएक्स त्याच्यापेक्षा जड पण त्याची सेटिंगची टूल्स इतकी सोयीची आहेत की मी नवख्या माणसाला तेच देतो. लुबुंटू पण चांगलं आहे, वाईट काहीच नाही, माझ्याकडे एका मशीनवर आहे आणि मला त्याबद्दल फार काही सांगायचंच नाही, गुपचूप चालतं.

३२ बिटचं टाकू का हे लोक हमखास विचारतात, रॅम कमी लागते म्हणून. तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, ६४ च टाका. ३२ चं दुकान बंद होत आलंय, मुख्य मिंटने १९ च्या मालिकेनंतर सोडलं, डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. खरोखर ३२ बिटचंच मशीन असेल तर डेबियन १२ किंवा अँटिएक्स २३ वर अजून काही वर्ष ढकलता येईल, पण ते तुमचं दुखणं नाही.

टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न टाकता, चालवून बघा, अर्धा तास. वायफाय, आवाज, ब्राइटनेस, झाकण बंद करून परत उघडल्यावर जागं होतंय का. वायफायची चिप ब्रॉडकॉमची निघाली तर पहिल्या झटक्यात चालणार नाही कदाचित, मग अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू करा, नेट लगेच येतं, आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर टाका. हे एकच वाक्य माहीत नसल्यामुळे लिनक्स सोडून दिलेली किमान चार माणसं मला भेटली आहेत.

कोडिंगची टूल्स. सीसाठी बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाका म्हणजे जीसीसी हा सीचा कंपाइलर येतो, एफवायचे प्रोग्राम तुमच्या पेंटियमवर सेकंदाच्या आत कंपाइल होतात, कंपाइलर कधीच अडचण नव्हता. एडिटर म्हणून जिनी. बारकं आहे, एफ९ दाबलं की बिल्ड, एफ५ की रन, ओळीवर एरर दाखवतं, आणि पन्नासेक एमबीत भागतं. पायथनसाठी थॉनी, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातून आलंय, शिकणाऱ्यांसाठीच बनवलेलं, ओळ-ओळ चालवून व्हेरिएबलमध्ये काय बदललं ते बाजूला दिसतं. मी लूप आणि रिकर्शन फळ्यावर शिकवणं बंद केलंय, थॉनीत दाखवतो.

व्हीएस कोडचं काय, कॉलेजात सगळे तेच वापरतात? खरंय, आणि कधीतरी तिला ते यायला पाहिजेच. पण ते इलेक्ट्रॉनवर बनलंय, म्हणजे आत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलाय, वर पायथनचं एक्स्टेन्शन टाकलं की सूचना देणारा लँग्वेज सर्व्हर वेगळा. पाच-सहाशे एमबी सहज जातात. ६ जीबीवर मजेत चालेल, ४ वर ब्राउझरचे टॅब मोजत चालेल, २ वर नका टाकू. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तिला आपोआप पूर्ण करून देणारं काही नकोच, स्वतः सेमिकोलन विसरू दे. पण हे माझं मत आहे, मास्तरकीची सवय आहे ती, यावर मारामारी नको.

एक गोष्ट मात्र नक्की होणार म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. सीच्या प्रॅक्टिकलला काही कॉलेजांत अजून टर्बो सी, म्हणजे डॉसच्या काळातला जुना कंपाइलर, चालतं, निळी स्क्रीन. आमच्या एका पोराच्या जर्नलमध्ये सरांनी प्रत्येक प्रोग्रामच्या वर कोनिओ डॉट एच, मग क्लिअर स्क्रीन, शेवटी गेटसीएच, असं लिहायलाच लावलं होतं. हा प्रोग्राम जीसीसीला दिला की पहिल्याच ओळीवर फेटल एरर, आणि पोरगी समजते लिनक्स बिघडलंय. बिघडलेलं नाही, कोनिओ ही डॉसची लायब्ररी आहे, इथे ती नाहीच. घरी शिकताना त्या तीन ओळी काढायच्या, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिहायचं. अजून एक गंमत, टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा असतो, जीसीसीत ४ बाइटचा, त्यामुळे साइजऑफचं आणि ३२७६७ च्या पुढे काय होतं त्याचं उत्तर घरी वेगळं आणि कॉलेजात वेगळं येतं. पेपरात सर जे शिकवतात ते लिहायचं, का ते मात्र समजून घ्यायचं. आणि कॉलेजसारखंच हुबेहूब हवं असेल तर डॉसबॉक्स टाका, त्यात टर्बो सी लिनक्सवर पण चालतं, आणि तुमच्या मशीनला ते म्हणजे किस झाड की पत्ती.

पायथनला पण एक ठेच ठरलेली आहे. बाहेरचं पॅकेज आणायला पिप इन्स्टॉल केलं की हल्लीच्या डेबियन-उबुंटूवर एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट असं लांबलचक लाल काहीतरी येतं. नेटवर कुणीतरी ब्रेक सिस्टीम पॅकेजेस असा पर्याय जोडायला सांगतं, नावातच लिहिलंय काय होणार ते. तसं न करता पायथन३-व्हेनव्ह टाका, तिच्या फोल्डरमध्ये एक व्हेनव्ह, म्हणजे सिस्टीमपासून वेगळा पायथनचा कप्पा, बनवा आणि त्याच्या आत पिप चालवा.

पुढच्या वर्षांची मर्यादा पण सांगतो, नंतर फसवलं नको म्हणायला. त्या पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना नाहीत, त्याच वर्षीच्या आय३ मध्ये होत्या. आज काही अडत नाही. पण मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून पुढे एव्हीएक्स मागतो, मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोचं तयार पॅकेज पण मागतं, आणि नसेल तर इलीगल इन्स्ट्रक्शन एवढंच छापून बंद पडतं, बाकी काही सांगत नाही. मी हे कळायला दोन रात्री घालवल्यात. डेटाबेस शिकायला एसक्यूलाइट किंवा मारियाडीबी बिनधास्त, मशीन लर्निंगपर्यंत गेली तर गूगल कोलॅब, तिथे गणित त्यांच्या मशीनवर होतं, आपला लॅपटॉप फक्त खिडकी. अँड्रॉइड स्टुडिओ या मशीनवर नाही, रॅम कितीही टाका.

आता परत ब्राउझरवर येतो, सुरुवातीला म्हटलं होतं की खरा खाणारा तोच. फायरफॉक्स ठेवा, त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती गेल्या की पान अर्धं हलकं होतं. लेक्चरचा व्हिडिओ अडखळत असेल तर कारण बहुधा हे असतं की यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ नावाच्या फॉरमॅटमध्ये पाठवतं आणि तुमच्या ग्राफिक्सला ते हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबला एच२६४ पाठवायला लावतं, आणि ४८० वर ठेवा, फळा तेवढ्यात वाचता येतो. नाहीतर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची लेक्चरं आहेत, सी, पायथन, लिनक्स, मराठी आवाजात पण आहेत, छोटी छोटी, डाउनलोड करून ब्राउझरशिवाय बघता येतात. बाजूला जिनी उघडं ठेवून थांबवत थांबवत करायचं.

मराठी टायपिंगला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहेच, आणि उच्चाराप्रमाणे हवं तर कगप नावाचा लेआउट पण तिथेच.

तर या शनिवारी एवढं करा. मिंट एक्सएफसीईचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा, २ जीबीवर रडत का होईना उघडेल. डिस्क्स अॅपमधला स्मार्टचा तक्ता, टर्मिनलमध्ये फ्री डॅश एच, आणि मागचं झाकण उघडून स्लॉट, या तिन्हीचे फोटो काढा. फ्रीमध्ये फ्री नावाचा रकाना बघून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम डिस्कच्या कॅशला वापरतं, बघायचा तो अव्हेलेबलचा. कमांड इथे मी मोबाइलवरून मराठीत लिहितोय, तिथे इंग्रजीतच टाइप करा, हे पण सांगावं लागतं, एकाने खरंच देवनागरीत टाकून मला फोन केला होता. फोटो आले की रॅम घ्यायची की डिस्क ते सांगतो, तोवर लॅमिंग्टन रोडला जाऊ नका.